गमिलाचं टाकं

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मृणालताई,

व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचलं की वाचल्यासारखं वाटत नाही, पत्र लिही, मेलवर का होईना, असं तू म्हणालीस. म्हणून हे पत्र.

शनिवारचा मराठी वर्ग चालू आहे. त्याच व्हिलाच्या हॉलमध्ये, तू लावलेल्या तक्त्याखाली. सूर्यकांत भाओजी रिटायर झाले, व्हिसा संपला, तुम्ही मिरजेला गेलात, पण इथे अजून तुझंच राज्य आहे. सुरुवातीला मुलं माझ्याकडे नुसती बघत बसायची. मी म्हटलं, मृणालिनी मिस माझी मावसबहीण, त्यांनीच मला इथे बसवलंय. तर संजनाचा रोशन म्हणतो, "बट शी वॉज स्ट्रिक्ट. यू आर नॉट स्ट्रिक्ट." कौतुक होतं की तक्रार, देव जाणे. आया घ्यायला येतात तेव्हा त्याही म्हणतात, "मृणालिनी मिसचं काही औरच होतं." मी हसते. खरं सांगू, आतून जळतेही.

आता मुद्द्याचं. एका शनिवारी एसी बंद पडला. मुलं वैतागली, धडा कुणी वाचेना. मी म्हटलं, गोष्ट सांगते. तोंडाला येईल ती सांगायला लागले. गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही जॉर्डनला गेलो होतो ना, ते डोंगरात कोरलेलं शहर डोक्यात होतं. इ.स. १०६ मध्ये रोमनांनी तो मुलूख घेतला, तेव्हाची गोष्ट. गमिला नावाची तेरा वर्षांची मुलगी. तिचे वडील वाळवंटातली गुप्त पाण्याची टाकी सांभाळणारे. वरून तोंड हाताएवढं, आत खोलीएवढं पाणी. काल्वस नावाचा रोमन अधिकारी त्यांना टाक्यांच्या जागा विचारतो. ते सांगत नाहीत, म्हणून चौकात बांधून त्यांना मारतात आणि त्यात त्यांचा जीव जातो. गमिला शपथ घेते, या माणसाला मी सोडणार नाही.

एवढं सांगून मी थांबले तर मुलं माझ्याजवळ सरकून बसलेली. उमैमा, ती दापोलीकडच्या दाऊदभाईंची मुलगी, तुझ्या वेळी मागे बसायची ती, पुढे येऊन म्हणाली, "मिस, पुढच्या शनिवारी सांगाल नक्की? का विसराल?"

आता मी दर आठवड्याला एक प्रकरण लिहून नेते. मुलांसाठीची कादंबरीच होत चाललीय. माझा वेद घरी आल्यावर इंग्लिशमध्ये वाद घालतो, पण ऐकतो मराठीत! तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास, तेव्हा चुका तूच काढू शकतेस. तीन प्रकरणं सोबत जोडली आहेत. कर चिरफाड.

तुझी,
वैभवी


मिरज
१६ ऑक्टोबर २०२४

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

प्रकरणं वाचली. छान आहेत.

आता चुका. पान चारवर काल्वस रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर चढतो. रोमनांकडे रिकिबी नव्हत्या. पान सातवर गमिलाची आई पाहुण्यांना कॉफी देते. अगं, कॉफी त्यानंतर कित्येक शतकांनी आली. आज तिथे अरबांच्या प्रत्येक बैठकीत, मजलिसमध्ये, गहवा देतात म्हणून तेव्हाही देत असतील, असं धरायचं नसतं. आणि मक्याची भाकरी! मका अमेरिकेतून आला. एवढं तरी तुला माहीत असेल असं वाटलं होतं.

दुसरं, सूड. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सुडाची गोष्ट कशाला? मी माझ्या वर्गात कधी रक्तपात आणला नाही आणि मुलांना कधी कंटाळाही आला नाही. ते शपथेचं काढून टाक. गमिलाला वडिलांसारखं पाणी राखायला शिकू दे. सौम्य, संस्कारक्षम होईल.

माझ्याही डोक्यात मुलांसाठी एक ऐतिहासिक कादंबरी होती, मौर्यांच्या काळातली. तू विचारलं नाहीस कधी. नोकरी, वर्ग, स्नेहसंमेलनं, यात राहून गेली. आता वेळच वेळ आहे. हे सकाळी फिरायला जातात, तिथे त्यांना मंडळी मिळाली आहेत. मला इथे कुणी ओळखत नाही. परवा बँकेतल्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही काय करता?" आजी!

उमैमा मागेच बसायची, कारण ती बोलायची नाही. मी खूप प्रयत्न केले होते. तुझ्याशी बोलते म्हणजे आश्चर्यच. मुलांच्या बसायच्या जागा बदलल्यास का? माझ्या त्या वेताच्या खुर्चीवर कोण बसतं?

तुझी,
मृणालताई


अबू धाबी
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

रिकीब गेली, कॉफी गेली, मका गेला. तुझ्या एका पत्राने माझं अर्धं वाळवंट ओसाड झालं! पण किती बरं वाटलं म्हणून सांगू. इथे सगळे नुसतं "वाव, सुपर्ब" म्हणतात. तुझ्यासारखं कुणी वाचत नाही.

सूड मात्र मी काढू शकत नाही, ताई. का ते सांगते. हे तुझ्या-माझ्यातच ठेव. घरी फक्त तन्मयला माहीत आहे.

उमैमाचे अब्बा, दाऊदभाई, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात एका यार्डात क्रेन चालवायचे. क्रेनचा ब्रेक लागत नाही असं त्यांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. "आजचं काम खलास करा, मग बघू," असं उत्तर मिळालं. त्याच दिवशी क्रेन घसरली आणि त्यांचा पाय चिरडला. आता सुपरवायझर म्हणतो, ब्रेकचं मला कुणी सांगितलंच नाही, ऑपरेटरचाच निष्काळजीपणा. नोकरी गेली. मुलांची शाळेची परीक्षा झाली की ते सगळे दापोलीला परत जाणार. आणि ताई, तो सुपरवायझर म्हणजे संजनाचा नवरा सोमनाथ. रोशनचे बाबा. रोशन आणि उमैमा एकाच सतरंजीवर बसतात. रोशनला काही माहीत नाही. उमैमाला सगळं माहीत आहे.

वर्ग सुटल्यावर ती एकटी मागे राहिली आणि हे सगळं एका दमात बोलून गेली. मग म्हणाली, "मिस, गमिलाने सूड घेतला नाही, तर मग ही गोष्ट काय कामाची?"

ती विचारतेय तोवर मला लिहावंच लागेल. पुढच्या प्रकरणात काल्वस आपल्या तुकडीसह वाळवंटात वाट चुकतो. पाणी संपतं. जवळच टाकं आहे आणि ते फक्त गमिलाला माहीत आहे. तिने काहीच करायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. बस, सूड पुरा. सोबत काल्वसचा तिच्याच वयाचा आजारी मुलगा आहे. इथे मी अडले आहे.

एक आनंदाची बातमी. तन्मयने मला न सांगता पुण्याच्या एका प्रकाशकांना पाच प्रकरणं पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं: पूर्ण झाली की छापू! मी किचनमध्ये अक्षरशः नाचले. वेद म्हणाला, "आई, प्लीज, द विंडो इज ओपन."

तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी सतरंजीवर मुलांमध्ये बसते.

तुझी,
वैभवी


मिरज
७ नोव्हेंबर २०२४

चि. वैभवीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्रकाशक सुरुवातीला सगळ्यांनाच हो म्हणतात, फार हुरळून जाऊ नकोस. तरी अभिनंदन.

उमैमाचं वाचून वाईट वाटलं. एवढी वर्षं माझ्यासमोर बसली आणि माझ्याजवळ एक शब्द बोलली नाही. सोमनाथ म्हणजे तोच ना, स्नेहसंमेलनाला स्टेज बांधून द्यायचा? संजनाने मला निरोप देताना शाल दिली होती. चांगलं घर आहे. एकाच बाजूचं ऐकून मत करू नये. तू अशा भानगडीत पडू नकोस. मुलं आपल्याजवळ मोकळी होतात तेव्हा फार सांभाळावं लागतं, त्याला अनुभव लागतो.

आज घाईत आहे.

तुझी,
मृणालताई


अबू धाबी
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

सगळं मोडलं.

काल वर्ग सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मी गमिलाचं पुढचं वाचत होते. संजना चपला न काढता थेट हॉलमध्ये आली. म्हणाली, "थांबा वैभवी मॅडम. ही गोष्ट कुणावर आहे ते मुलांना सांगा ना. माझ्या मिस्टरांना तुम्ही रोमन केलंत? माझ्याच मुलाला शेजारी बसवून?"

मी म्हटलं, "संजना, आपण बाहेर बोलू या."

"बाहेर का? आत वाचता ना सगळ्यांसमोर! त्या क्रेनवाल्याच्या मुलीने सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत. ब्रेकचं, सुडाचं, सगळं मला कळलंय."

रोशन लालबुंद झाला. "मम्मा, स्टॉप," म्हणत राहिला. उमैमा उठली, दप्तर न घेता बाहेर गेली. मी तिच्या मागे धावले, पण ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

सांगायला लाज वाटते, पण मी गोष्ट सुरू केली तेव्हा मला दाऊदभाईंच्या क्रेनचं काही माहीतच नव्हतं! काल्वस त्याआधीचा आहे. हे कोण ऐकणार? संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकामागून एक मेसेज: "लेट अस टेक अ ब्रेक." हॉलवाले म्हणाले, पुढच्या महिन्यापासून जागा नाही. उमैमाच्या अम्मीचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाभी, घरची गोष्ट पोरीने भरवशावर सांगितली. कंपनीकडून आमचे कागद अजून यायचेत. साहेब बिथरले तर आम्ही कुठे जायचं?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला आणि तन्मयला, बस. तन्मय शुक्रवारी सोमनाथच्या ग्रुपमध्ये क्रिकेट खेळतो. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "मी तोंड उघडलं नाही, वैभू." माझा विश्वास बसला नाही. कालपासून आम्ही वेदमार्फत बोलतोय. "बाबा, आई सेज डिनर इज रेडी," असं तो बिचारा दारात उभा राहून सांगतो.

ताई, मी काय करू? कादंबरी सोडून देऊ का? तुझं ऐकायला हवं होतं.

वैभवी


मिरज
२८ नोव्हेंबर २०२४

चि. वैभवीस आशीर्वाद.

वाचून फार वाईट वाटलं. रडू नकोस. तू चुकलीस असं मी म्हणणार नाही, पण सूड काढून टाक हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मुलांच्या हातात आपण काय देतो, ते जपून द्यावं लागतं.

कादंबरी सध्या बाजूला ठेव. प्रकाशकांना कळव की जमत नाही. प्रत्येकाने लिहिलंच पाहिजे असं थोडंच आहे?

माझ्या मनात एक आहे. जानेवारीत तिथली हवा चांगली असते. मी महिनाभर येते. व्हिजिट व्हिसा तन्मय काढेल. मी एकेकीच्या घरी जाऊन बोलेन. संजना माझं ऐकेल, सगळ्याच ऐकतात. वर्ग पुन्हा उभा करू. मी शिकवीन, तू मदतीला राहा. नीट घडी बसली की मी परत येईन, किंवा बघू.

तन्मयशी भांडू नकोस. पुरुषांच्या तोंडून जातं कधी कधी एखादं वाक्य, त्यांच्या लक्षातही राहत नाही.

तुझी,
मृणालताई


अबू धाबी
१९ डिसेंबर २०२४

मृणालताई,

तुझ्या पत्राचं उत्तर उशिरा देते आहे. द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

गेल्या आठवड्यात मी संजनाकडे गेले. माफी मागायला नाही. माझी गोष्ट मला तिच्या नवऱ्याचं कळण्याआधीची आहे आणि उमैमाला यात ओढू नका, एवढंच सांगायला. तिने बस म्हटलं, पण पाणीसुद्धा विचारलं नाही. मी बोलले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या मनात नसेल हो. पण तुमच्या ताईंनी स्वतः फोन केला, म्हणून मी घाबरले. त्या म्हणाल्या, वैभवी अननुभवी आहे, ती मुलांच्या डोक्यात काय भरतेय तिचं तिला कळत नाही, तू रोशनला जप. मग त्यांनी सगळं सांगितलं. मृणालिनी मिस उगीच का बोलतील?"

मी उठले. लिफ्टमध्ये आरशात माझा चेहरा दिसला, ओळखीचा वाटला नाही. गाडीत बसले आणि तन्मयला फोन करून रडत सॉरी म्हटलं. तो "घरी ये," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर संशय घेतला, आणि तू मला लिहिलंस, 'पुरुषांच्या तोंडून जातं.' ताई, तो फोन केल्यावर हे वाक्य तुझ्या हातून लिहिलं तरी कसं गेलं?

तू रागावली असतीस तर मी ऐकलं असतं. "तुझी गोष्ट भिकार आहे" म्हणाली असतीस तर फाडून टाकली असती. पण तू त्या पोरीला वापरलंस. जी तुझ्याशी कधी बोलली नाही, ती माझ्याशी बोलली, म्हणून.

पालकांच्या ग्रुपवर मी सगळं टाइप केलं होतं. तुझा फोन, तुझी पत्रं. इथे लोक तुझं नाव देवळातल्यासारखं घेतात. एक बटण दाबलं की खलास. "यल्ला, पाठव," असं मन सारखं म्हणत होतं. मी पाठवलं नाही. तुझ्यावर दया आली म्हणून नाही. वेद शेजारी येऊन बसला आणि मी स्क्रीन लपवली. जे त्याच्यापासून लपवावं लागतं, ते करू नये असं वाटलं, इतकंच.

तू येऊ नकोस. गमिला अजून त्या टाक्याजवळ उभी आहे. तिने काय करावं ते मला माहीत नाही. आता तर मुळीच नाही.

वैभवी


मिरज
३ जानेवारी २०२५

वैभवी,

सफाई देत नाही. विचारलंस म्हणून सांगते.

तिसऱ्या प्रकरणात गमिला काळोखात टाक्यात हात घालते, पाणी बोटांना लागतं आणि तिला वडिलांची हाक ऐकू येते. ते मी वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. हे पाहायला यांना हाक मारावी असं वाटलं होतं. मारली नाही. तुला भराभर रिकीब आणि कॉफी लिहून पाठवली, कारण तेवढंच माझ्याकडे होतं. मला इतिहास येतो. तुला तो दिसतो. इतकी वर्षं मी ज्या हॉलमध्ये उभी राहिले, तिथे तू सतरंजीवर बसलीस आणि मुलं तुझ्याजवळ सरकली. मत्सर हा शब्द मी मुलांना वाक्यात उपयोग करा म्हणून घालायची. त्याचा खरा अर्थ मला या वयात कळला.

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या म्हणून संजनाला फोन करतेय, असं मी स्वतःला सांगितलं. ती म्हणाली, "मिस, तुमच्याशिवाय वर्गाला मजा नाही." तिने ते उगीच म्हटलं असेल. मला ते पुरलं नाही. अजून ऐकायचं होतं. मग मी बोलत गेले.

काल मी तीन गोष्टी केल्या. संजनाला फोन करून सांगितलं की वैभवीने कुणावर काही लिहिलेलं नाही, गोष्ट आधीची आहे आणि मी ते वाकवून सांगितलं. तिने विचारलं, "मग मिस, तुम्ही मला कशाला सांगितलंत?" मी खरं ते सांगितलं. तिने फोन ठेवला. मग उमैमाच्या अम्मीला केला. मी माफी मागितली, त्या "जी" म्हणाल्या. आणि मग पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलं: वैभवीने माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेली गोष्ट मी हेव्यापोटी फोडली, यात मुलांचा आणि वैभवीचा दोष नाही.

कुणी काही लिहिलं नाही. दोन अंगठे आले. मग कुणीतरी जुन्या सायकलचा फोटो टाकून 'फॉर सेल' लिहिलं आणि सगळे त्यावर बोलायला लागले. मी ग्रुप सोडला. इतक्या वर्षांचं माझं अबू धाबी एका सायकलखाली गेलं. गेलं ते बरंच झालं.

यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "चल, फिरायला." मी पहिल्यांदाच गेले.

मी येणार नाही. उत्तराची वाट बघणार नाही. एवढंच म्हणते, प्रकाशकांना नाही म्हणू नकोस.

मृणालिनी


अबू धाबी
१३ एप्रिल २०२५

मृणालताई,

माझा राग गेलेला नाही, हे आधी लिहून टाकते. तरी पत्र लिहिते आहे, कारण जे झालं ते तुला कळायला हवं.

तुझ्या मेसेजनंतर वर्ग लगेच सुरू झाला नाही. फेब्रुवारीत मी आमच्या घरीच सोफा सरकवून सतरंजी घातली. पहिल्या शनिवारी वेद आणि दोन मुली. वेद म्हणाला, "दिस इज जस्ट फॅमिली." मग एकेक वाढलं. एका शनिवारी रोशन सायकलवरून एकटाच आला. घरी सांगून आलास का विचारलं तर म्हणाला, "आय टोल्ड देम. दे आर नॉट हॅपी. बट आय टोल्ड देम." आणि मग मराठीत, चाचपडत: "मिस, उमैमा येणार का?"

उमैमाकडे मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी अम्मींनी दार उघडलं आणि आत बघून म्हणाल्या, "तीच सांगेल." ती आली. रोशनपासून सगळ्यात लांब बसली. मी वाचायला नकार दिला. म्हटलं, मला पुढचं येत नाही. काल्वसची तुकडी तहानेने पडली आहे, त्याचा मुलगा तापात आहे आणि गमिला दगडामागे उभी आहे. तुम्ही सांगा.

सगळी एकदम ओरडायला लागली. कुणी म्हणालं पाणी दाखव, बाप वाईट आहे, मुलाचा काय दोष. कुणी म्हणालं मुळीच नाही. वेद म्हणाला, "गिव्ह ओन्ली द बॉय." रोशन खाली बघत होता. उमैमाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणी द्यायचं. पण आधी त्याला अब्बांचं नाव विचारायचं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे, तू ज्याला मारलंस त्याचं नाव काय? त्याने नाव कधी विचारलंच नसेल ना, मिस. नुसतं पाणीवाला म्हणाला असेल. आता त्याने सगळ्यांसमोर नाव घ्यायचं, मोठ्याने. मग प्यायचं. मग आयुष्यभर पाणी पिताना त्याला ते नाव आठवेल."

रोशनने मान वर केली. त्याने उमैमाकडे बघून इंग्लिशमध्ये विचारलं, "व्हॉट इज युवर डॅड्स नेम?" ती म्हणाली, "दाऊद. दाऊद इस्माईल." त्याने मान डोलावली. एवढंच.

गेल्या शनिवारी उमैमाचा शेवटचा वर्ग होता. दाऊदभाई तिला घ्यायला मित्राच्या गाडीतून आले होते, कुबड्या मागच्या सीटवर. त्याच वेळी सोमनाथ रोशनला न्यायला आला. मी गॅलरीतून बघत होते. सोमनाथ गाडीत बसून राहिला. रोशन दार धरून उभा, आत बसेना. किती वेळ. मग सोमनाथ उतरला, त्या गाडीच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "कसे आहात, दाऊदभाई?" पुढे काय बोलले ते ऐकू आलं नाही. थोडंच बोलले. हात मिळवले नाहीत. नोकरी परत मिळाली नाही, ब्रेकचं सोमनाथने कंपनीत कबूल केलं असंही नाही. उमैमा निघताना मला म्हणाली, "अब्बा म्हणाले, इतक्या वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा नाव घेतलं." मग म्हणाली, "मला अजून राग आहे, मिस." मी म्हटलं, "असू दे." काल ते दापोलीला गेले.

त्या संध्याकाळी बसून मी शेवटचं प्रकरण लिहिलं. प्रकाशकांना पाठवलंय. तुलाही पाठवते आहे. माफ केलं म्हणून नाही. चुका काढायला दुसरं कुणी नाही म्हणून. पुस्तकात उमैमाचे आभार आहेत. तुझे अजून लिहिलेले नाहीत, लिहीन की नाही माहीत नाही.

वैभवी


मिरज
१५ एप्रिल २०२५

प्रिय वैभवी,

शेवटचं प्रकरण वाचलं. पान तीनवर 'तहानलेला' दोनदा आलाय, एक काढ. बाकी चूक नाही.

काल्वस त्या लहान मुलीसमोर गुडघ्यावर बसतो, नाव आठवायचा प्रयत्न करतो आणि त्याला ते येत नाही. मग ती त्याला वडिलांचं नाव एकेक अक्षर करून शिकवते आणि तो ते मागोमाग म्हणतो. तिथे मी थांबले. हे शेजारी पेपर वाचत होते. यावेळी त्यांना हाक मारली आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवलं.

हेवा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो आहे, जेवताना माझ्यासोबत बसतो. पण हा शेवट मला सुचला नसता, वैभवी. हे एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली.

मृणालताई